मोहाखालची झाडणी रजिस्टरमध्ये लिहा

संपादक महोदय,

फाल्गुन-चैत्रात जंगल पेटले की दोष मोहाची फुले वेचणाऱ्या बायांवर येतो. काही ठिकाणी पाचोळा जाळून जागा साफ केली जाते, हे खरेच आहे. पण गडचिरोलीच्या अनेक टोल्यांवर (छोट्या वस्त्यांवर) आदिवासी बाया जाळत नाहीत, झाडतात. त्याची नोंद कुठेच होत नाही.

फुले गळू लागण्याआधी खराट्याने बुडापासून बाहेरच्या बाजूला, फांद्यांच्या घेराच्या दोन हात पुढपर्यंत झाडायचे. ढीग बुंध्याशी ठेवायचा नाही. ठिणगी पडली तर साल भाजते. पाचोळा खताच्या खड्ड्यात किंवा नाडेपच्या (कंपोस्ट खताच्या) टाक्यात जातो. आग लावली तर दुपारच्या वाऱ्याने ती हाताबाहेर जाते आणि मोहाची कोवळी रोपे आधी मरतात. म्हणून बऱ्याच जागी म्हातारे मोह उभे दिसतात, तरणे झाड एकही नाही. झाडताना रोप दिसले तर भोवती काट्या रोवायच्या. मोहाचे बी फार काळ टिकत नाही, पावसाच्या तोंडावर ताजेच टोकावे लागते. तेव्हा सगळे बी तेलाला नेऊ नये.

वनहक्क कायदा 2006 च्या कलम 3 मध्ये सामूहिक वनाचे संरक्षण आणि व्यवस्थापन हा हक्क आहे, कलम 5 मध्ये वन राखण्याचा अधिकार आहे. बाया हाच हक्क रोज बजावतात, पण कागदावर तो दिसत नाही. उद्या त्या जंगलात खाण किंवा झाडतोड आली की ‘इथे राखण कोण करते?’ हा प्रश्न येतो, आणि ग्रामसभेकडे दाखवायला काही नसते. तारीख, जंगलाचा कक्ष क्रमांक, झाडलेले मोह, वाचवलेली रोपे, विझवलेली आग, बायांची नावे हे सारे वनहक्क नियम 4(1)(ङ) खालच्या, वन राखण्यासाठी ग्रामसभेने नेमलेल्या समितीने लिहून ठेवावे आणि ठरावात घ्यावे.

अडचण पुढे येते. वनहक्क नियमांच्या 2012 च्या दुरुस्तीनुसार वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हवेत, हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया. मोहाच्या दिवसांत सकाळी सभा बोलावली तर बाया जंगलात असतात. कोरम भरत नाही किंवा त्यांच्या सह्या मागाहून घेतल्या जातात, आणि असा ठराव आव्हानात टिकत नाही.

मार्च-एप्रिलमध्ये या सभा संध्याकाळी, टोल्यावरच घ्याव्यात, असे पत्र जिल्हा प्रशासनाने सर्व ग्रामसभांना हंगामाआधी पाठवावे.

— ग्रामसभेच्या काही महिला सदस्य, धानोरा तालुका, जि. गडचिरोली