पास ब्लॅकबर्नचा, गोल ब्लॅकबर्नचा

प्रति,
मा. लिसा नँडी,
संस्कृती, माध्यमे व क्रीडा मंत्री,
ब्रिटन सरकार, लंडन

सप्रेम नमस्कार.

मी पुण्याची. सिंहगड रस्त्याने जाता-येता वेंकटेश्वरा हाउस लागतं, ‘वेंकीज’वाल्यांचं मुख्यालय. कोंबड्या आणि अंड्यांच्या व्यवसायात मोठं झालेलं हे घराणं नोव्हेंबर २०१० पासून इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्न रोव्हर्स या फुटबॉल क्लबचं मालक आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. मे २०१२ मध्ये चिडलेल्या प्रेक्षकांनी ब्लॅकबर्नच्या मैदानात कोंबडी सोडली, तो सामना तर तुमच्याच मतदारसंघातल्या विगनविरुद्धचा होता. विगन जिंकलं आणि ब्लॅकबर्न प्रीमियर लीगमधून खाली घसरलं. आम्ही इकडे त्या कोंबडीला पोटभर हसलो.

पण आज लिहिते आहे ते इंग्लंडच्या महिला संघातल्या किरा वॉल्शबद्दल. आणि मराठीत लिहिते आहे, कारण हे पत्र तुमच्याइतकंच माझ्या गावानेही वाचायला हवं.

३१ जुलै २०२२. वेम्ब्लीवर महिलांच्या युरो स्पर्धेची अंतिम लढत, इंग्लंड विरुद्ध जर्मनी, ८७,१९२ प्रेक्षक. ६२ व्या मिनिटाला वॉल्शने मान वर केली आणि जर्मनीच्या अख्ख्या बचावफळीच्या डोक्यावरून एक लांब चेंडू टाकला. तो नेमका एला टून धावत होती तिथे उतरला. थोड्याच वेळापूर्वी बदली म्हणून आलेल्या टूनने तो पुढे सरसावलेल्या गोलरक्षिकेवरून अलगद जाळ्यात सोडला. पुढे जर्मनीने बरोबरी केली, जादा वेळेत क्लोई केलीने विजयी गोल मारला, शर्ट काढून पळाली, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत तीच झळकली. पण सामन्यातली सर्वोत्तम खेळाडू ठरली वॉल्श.

तिची जागाच तशी आहे. बचावफळीच्या पुढे, मधोमध. लग्नाच्या पंगतीत एखादा मुरलेला वाढपी असतो ना, कोणाच्या पानात काय संपलंय हे कोणी न मागताच ज्याला कळतं, तसा तिचा खेळ. स्वतःच्या नावावर गोल फारसे नाहीत. ती नसली की मात्र पंगत खोळंबते. २०२३ च्या विश्वचषकात डेन्मार्कविरुद्ध गुडघा दुखावून तिला स्ट्रेचरवरून बाहेर न्यावं लागलं, तेव्हा इंग्लंडच्या पाठीराख्यांचा जीव टांगणीला लागला होता. बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात, नायजेरियाविरुद्ध, ती परत उभी राहिली.

आता मुद्द्यावर येते. रॉचडेलची ही मुलगी घडली ब्लॅकबर्नच्या मुलींच्या संघात. टूनही तिथलीच. म्हणजे वेम्ब्लीवरचा तो पास ब्लॅकबर्नचा आणि गोलही ब्लॅकबर्नचा. त्याच स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीत स्पेनला घरी पाठवणारा गोल जादा वेळेत जॉर्जिया स्टॅनवेने मारला. तीही मधल्या फळीतली, म्हणजे मिडफिल्डर, आणि तीही ब्लॅकबर्नचीच. एका क्लबात घडलेल्या तीन मुलींनी तुमच्या देशाला काय मिळवून दिलं ते बघा.

वॉल्श २०१४ मध्ये, सतरा वर्षांची असताना, मँचेस्टर सिटीला गेली. २०२२ मध्ये बार्सिलोनाने तिच्यासाठी महिला फुटबॉलमधली तोवरची सर्वांत मोठी रक्कम मोजली. तिथे दोन चॅम्पियन्स लीग जिंकून जानेवारी २०२५ मध्ये ती इंग्लंडला परतली, चेल्सीत. जुलै २०२५ मध्ये बासेलला स्पेनला पेनल्टीवर हरवून इंग्लंडने युरो राखला, तेव्हाही मधोमध वॉल्शच होती.

आणि त्याच्या दोनच महिने आधी, मे २०२५ मध्ये, ब्लॅकबर्नने महिलांच्या दुसऱ्या श्रेणीतून स्वतःहून अंग काढून घेतलं. मैदानावर हरून नव्हे. नव्या हंगामाच्या परवान्यासाठी सुविधा, कर्मचारी आणि खेळाडूंची काळजी यांबाबत ज्या अटी होत्या, त्यांसाठी लागणारा खर्च करायचा नाही असं ठरलं.

त्या अटी मला चुकीच्या वाटत नाहीत, उलट हव्याच होत्या. तुमच्याकडचीच एक जुनी मिडफिल्डर, १४४ सामने खेळलेली कॅरन कार्नी, हिने २०२३ मध्ये सरकारसाठी अहवाल लिहिला. वरच्या दोन्ही श्रेणी पूर्ण व्यावसायिक व्हाव्यात असं तिने सांगितलं आणि सरकारने तिच्या शिफारशी मान्य केल्या. उत्तमच झालं. पण दर्जाची अट घातली आणि मालकाने हात वर केले, तर दंड कोणाला? इथे तो मुलींना झाला. पुरुषांचा संघ दुसऱ्या श्रेणीत होता तिथेच राहिला, मालक मालकच राहिले. घरात काटकसर करायची वेळ आली की आधी मुलीची फी थांबते, हे आम्हाला नवीन नाही. तुमच्याकडेही तसंच असेल असं मात्र वाटलं नव्हतं.

याला तोड तुमच्या हातात आहे. जुलै २०२५ मध्ये तुमच्या संसदेचा फुटबॉल नियमनाचा कायदा मंजूर झाला. मालक लायक आहे की नाही हे आता स्वतंत्र नियामक तपासणार, पण फक्त पुरुषांच्या वरच्या पाच श्रेणींसाठी. कोणत्या स्पर्धा या कायद्याच्या कक्षेत घ्यायच्या हे नियम करून ठरवण्याचा अधिकार मात्र कायद्यानेच मंत्र्यांना दिला आहे. तो वापरा. महिलांच्या वरच्या दोन श्रेणी त्यात घ्या. ते आज जमत नसेल तर निदान एवढं करा: ज्या क्लबचा महिला संघ आहे, त्याच्या मालकाने त्या संघासाठी काय केलं, हा प्रश्न पुरुष संघाच्या परवान्याच्या वेळी विचारला जाऊ द्या. पुण्यातून ब्लॅकबर्नला पैसा जात नाही असं नाही, वर्षानुवर्षं जातो आहे. तो कुठे पोहोचतो आणि कुठे पोहोचत नाही, एवढंच विचारायचं आहे.

२०२२ ची युरो जिंकल्यावर तेवीसच्या तेवीस खेळाडूंनी असंच एक खुलं पत्र लिहिलं होतं. शाळेत प्रत्येक मुलीला फुटबॉल खेळायला मिळावा, एवढीच मागणी. वॉल्श, टून, स्टॅनवे, तिघींच्या सह्या त्यावर होत्या. पुढच्याच मार्चमध्ये सरकारने ते ऐकलं. माझी सही एकटीची आहे, पण पत्ता बरोबर आहे.

आपली,
सिंहगड रस्त्यावरची एक फुटबॉलवेडी

ता. क. उत्तर पाठवलंत तर त्याची एक प्रत वेंकटेश्वरा हाउसलाही पाठवा. टपालखर्च वाचवायचा असेल तर माझ्याकडे द्या, मी जाता-जाता टाकीन.