शुक्रवारच्या सहीआधी

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी पप्याच्या जामिनावरून फोन मी आपटला, तेव्हा पहिलं पत्रही मीच लिहायला हवं. बाबा म्हणाले, व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी टाक. पण दोन ओळींत मी पुन्हा ओरडलेच असते.

पप्याचा घाणा चालू नये असं मला वाटत नाही, हे आधी लिहून टाकते. त्याने दिलेल्या तेलात परवा कुरडया तळल्या, शेजारच्या काकू वास घेत दारात आल्या. पोरगं कष्टाळू आहे. तुझा पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हा दोन दप्तरं घेऊन शाळेत जायचा, एक पाठीवर, एक पोटावर. ते मी विसरलेले नाही. तरीही त्याच्या कर्जाला तू जामीन राहू नयेस.

तू म्हणालास, नुसती सही आहे, आणि दुसराही जामीनदार आहे, म्हणजे निम्मं निम्मं. निम्मं नसतं रे. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ सांगतं की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. आधी पप्याला गाठायचं आणि मग तुला, असा क्रम बँकेवर बंधनकारक नाही. जामीनदार दोन असोत की चार, प्रत्येकाकडे पुरी रक्कम मागता येते. ज्याने भरली त्याने इतरांकडून त्यांचा वाटा मागत फिरायचं. आणि वसुलीवाले आधी कुणाच्या दारात जातात? ज्याचा पगार एक तारखेला होतो त्याच्या. एवढी वर्षं मी बँकेच्या वसुली खात्यातच होते, हे तरी खरं मान. सहकारी बँकेला दिवाणी दाव्यात वर्षं घालवावी लागत नाहीत. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघतो, कर्जदाराच्या खाली त्याच कागदावर जामीनदारांची नावं असतात, आणि पुढे जप्ती.

१२ लाख, १३ टक्के, ५ वर्षं. हप्ता २७,३०० च्या आसपास. पप्याने एकही हप्ता चुकवला नाही तरी ही हमी तुझ्या सिबिलमध्ये, म्हणजे कर्जाच्या नोंदींत, दिसणार, आणि पुढच्या दिवाळीला तू फ्लॅटसाठी कर्ज मागशील तेव्हा तो साहेब ती बोट ठेवून वाचणार. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्जांच्या यादीत.

तू पाठवलेला त्याचा प्रकल्प अहवाल मी दोनदा वाचला, पेन्सिल घेऊन. यंत्रं, शेड, वीजजोडणी नीट धरलीय. खेळतं भांडवल फक्त १ लाख. इथेच गाडी अडणार. एक लिटर शेंगतेलाला अडीच किलो शेंगदाणे लागतात. रोज ४० लिटर काढायचं म्हणतोय, म्हणजे १०० किलो. किलोला १२० धरले तरी दिवसाला १२ हजारांचा नुसता कच्चा माल, २५ दिवसांचे ३ लाख. शेंगदाणेवाला रोख मागणार आणि किराणा दुकानदार ४५ दिवसांनी पैसे देणार. पेंड विकून थोडं सुटेल, पण तेवढ्याने भागत नाही. तेल खपेल, आणि तरीही चौथ्या महिन्यात हप्त्याला पैसे नसतील. यात त्याची लबाडी काही नाही, हिशेबच तसा आहे. हा कागद त्याला दाखव. मैत्रीखातर करायचं तर हे कर. एकच घाणा घे म्हणावं, आणि मुद्रा योजनेत अर्ज कर. तिथे १० लाखांपर्यंत तारण लागत नाही.

बघ, पुन्हा बँकेतली बाई बोलायला लागली. तू एकतीस वर्षांचा आहेस, स्वतःच्या हिमतीवर पुण्यात उभा आहेस, आणि मी तुला कलमं शिकवतेय. रागावू नकोस. पण अण्णांचं घर मला अजून दिसतं, आणि तिथेही "नुसती सही"च होती.

नाही म्हणायचं ते शुक्रवारी बँकेत नाही, बुधवारीच, आणि समोर बसून. "बघू" म्हणू नकोस. आपल्याकडे "बघू" म्हणजे हो, असं धरूनच माणूस दुसऱ्या दिवशी फॉर्म भरतो. कारणंही देऊ नकोस. पगाराची स्लिप मिळत नाही म्हणालास तर तो म्हणेल फॉर्म १६ चालेल. आई नको म्हणते असं सांगितलंस तर पेढे घेऊन माझ्याकडे येईल, आणि मला त्याच्या तोंडावर नाही म्हणता येणार नाही, हे तुलाही माहीत आहे. एवढंच म्हण: "पप्या, जामीन मी कुणालाच राहत नाही. बाकी काय करू ते सांग." मग गप्प बस. तो चिडेल. चिडू दे.

मग तो म्हणेल, नावापुरता भागीदार हो. तेही नको. भागीदारी संस्थेचं कर्ज प्रत्येक भागीदाराच्या खाजगी मालमत्तेपर्यंत येतं, घाण्यावर तू कधी पाऊल ठेवलं नसलंस तरी.

पैसे द्यायचेच असतील तर बुडाले तरी मैत्री टिकेल एवढेच दे. मला ५० हजार ठीक वाटतात, तुझं तू ठरव. खात्यातूनच पाठव. हातउसने २० हजार किंवा त्याहून जास्त रोखीने घेणं आयकराच्या नियमात बसत नाही. एका कागदावर रक्कम, तारीख, परत कधी, दोघांच्या सह्या. तीन वर्षांत परत आले नाहीत तर मुदत संपायच्या आत त्याच्याकडून बाकी कबूल असल्याचं लिहून घे, नाहीतर कागदाला अर्थ उरत नाही. तुला हे लिहून घेणं लाजिरवाणं वाटणार. बाबांनाही वाटायचं.

आणि सही केलीसच, तर फॉर्ममध्ये "चालू हमी" शब्द आहे का ते बघ. असला तर आज फेडलेलं कर्ज उद्या वाढवून घेतलं तरी तू अडकलेलाच. रकमेची मर्यादा अंकात आणि अक्षरात लिहून घे. पण करू नकोस. हे लिहायचं नव्हतं, लिहिलं गेलं.

पप्याच्या आईला मी दर महिन्याला पाच लिटर तेल सांगितलंय, रोखीने. डबा आपलाच देणार आहे, तो पितळी झाकणाचा.

बाबांची शुगर ठीक आहे. शनिवारी येणार असलास तर रात्रीच्या गाडीने नको.

तुझी,
आई

ता. क. कोरा चेक "तारण म्हणून" मागतील, त्यावरही सही नको. तुझ्या चेकबुकात किती पानं उरली आहेत ती आजच मोजून ठेव.