माणसं कामाला ठेवण्याआधी

चि. बाबूस,
अनेक आशीर्वाद.

गोव्यातल्या आसगाव-शिवोलीकडचे बंगले सफाईला मिळाले, हे ऐकून फार बरं वाटलं. ठेकेदाराकडून माणसं घ्यायचा तुझा विचार मात्र मला पटत नाही. हॉटेलच्या हाउसकीपिंगमध्ये माझी उमेदीची वर्षं गेली. ठेकेदाराची माणसं आज एक, उद्या दुसरी. लोकांनी घराच्या किल्ल्या तुझ्या हातात दिल्यात, तेव्हा आत कोण शिरतंय हे तुला नावानिशी ठाऊक हवं. थोडी माणसं ठेव, पण थेट ठेव आणि टिकव.

कोण किती गोड बोलतं ते बघू नकोस. एक बाथरूम साफ करायला दे आणि अर्धा दिवस काम बघ. पुढे ठेव नाहीतर नको, त्या अर्ध्या दिवसाचे पैसे तिथल्या तिथे द्यायचे. नळाच्या बुडाशी क्षाराचा पांढरा थर धरतो, तिथे तिचा हात जातो का? कमोडचं फडकं बेसिनला लावते का? लादी आतल्या कोपऱ्यातून दाराकडे पुसत येते, की पुसलेल्यावरच पाय देत फिरते? बाकीचं शिकवता येतं. ब्लीच आणि टॉयलेटचं ॲसिड एकत्र करायचं नाही, हे मात्र पहिल्याच दिवशी सांग. जास्त चकाचक होतं म्हणून बायका मिसळतात, त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये जीव घुसमटतो.

आता ज्याची मला खरी काळजी आहे ते. बंगल्यात भाड्याने उतरलेले पाहुणे असताना बाईला एकटीला पाठवायचं नाही, दोघींना पाठव. खर्च वाढेल, तो दरात धर. एखादा पाहुणा पिऊन खोलीतच बसतो, दार लोटून घेतो, वर 'तू कर तुझं काम' म्हणतो. अशा वेळी बादली तिथेच ठेवून बाहेर पडायचं आणि त्या दिवसाचा पगार कापला जाणार नाही, हे तिला कामावर येण्याआधी तुझ्या तोंडून कळलं पाहिजे. घरमालक चिडला तर त्याच्याशी तू बोल, तिला पुढे करू नकोस. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा माणसं झाली की तक्रार समिती नेमावीच लागते. तोवर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं, तेही सांगून ठेव.

पगार सात तारखेच्या आत. एका हॉटेलात टॉवेल कमी भरला की आम्हा सगळ्यांच्या पगारातून थोडे थोडे कापायचे. टॉवेल बहुतेक वेळा पाहुण्याच्या बॅगेतून गेलेला असायचा. कामाच्या चांगल्या बायका अशाच सोडून गेल्या. तुझ्याकडे ग्लास फुटला तर तो धंद्याचा खर्च. एका बंगल्यातून दुसऱ्या बंगल्यात जायला लागतो तो वेळही कामाचाच धर. पेडण्या-डिचोलीहून येणारीला परतीची शेवटची बस कितीची, ते विचारून मगच वेळ ठरव.

आधारची झेरॉक्स घे, मूळ कार्ड कुणाचंही ठेवून घेऊ नकोस. दहा माणसं झाली की ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू होतो: महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्यांसाठी पगाराच्या तुझे ३.२५ टक्के, त्यांचे ०.७५. तोपर्यंत निदान प्रधानमंत्री सुरक्षा विमा सगळ्यांना काढायला लाव. वर्षाचे २० रुपये खात्यातून जातात, ते तू दे. अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात. ओल्या जिन्यावरून पाय घसरायला कितीसा वेळ लागतो!

सीझन संपला की लोक माणसं काढतात आणि ऑक्टोबरात नवी शोधत फिरतात. तू तसं करू नकोस. जूनपासून बंद घरांत कपाटांना, गाद्यांना, चामड्याच्या सोफ्यांना बुरशी धरते. मालकांशी पावसाळ्याचं वेगळं बोलून घे: आठवड्यातून एकदा दारं-खिडक्या उघडायच्या, लाकूड कोरडं पुसायचं, कपाटं तपासायची. तेवढ्यावर दोघा-तिघांचा पगार सुटावा. चवथीचे, म्हणजे गणपतीचे, दिवस मात्र आत्ताच कॅलेंडरवर बंद कर. घरात गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायची सोडून कुणी दुसऱ्याची लादी पुसायला येऊ नये.

आपल्या वाड्यावरच्या दोघी कामाचं विचारत होत्या. दोघी हाताला स्वच्छ आहेत, पण माझ्या शब्दावर घेऊ नकोस. शनिवारी दोघींना घेऊन येते. एक बाथरूम न धुता ठेव.

तुझी,
आई