सोलापूर–जळगाव लोहमार्गाचा मधला दुवा कोण जोडणार?

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड शहरातून पहिली प्रवासी गाडी अहिल्यानगरकडे सुटली, तो दिवस आमच्या जिल्ह्यातला कोणीही माणूस विसरणार नाही. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५-९६ मध्ये मंजूर झाला होता. त्या वर्षी जन्मलेली मुले तिशीला आली तेव्हा गाडी बीडपर्यंत पोचली, आणि परळीचा टप्पा त्या दिवशीही बाकीच होता. तेव्हापासून आपल्या दैनिकात मराठवाड्यातील रेल्वे प्रकल्पांच्या बातम्या सातत्याने येत आहेत आणि त्याबद्दल आपले आभार मानले पाहिजेत. मात्र प्रत्येक प्रकल्पाची बातमी स्वतंत्र येते, आणि हे सगळे मार्ग एकाच नकाशावर मांडले तर त्यांच्या मधोमध जी मोकळी जागा दिसते तिच्याविषयी कोणी बोलत नाही. त्या जागेकडे, म्हणजे धाराशिव–बीड–जालना या न झालेल्या लोहमार्गाकडे, वाचकांचे आणि लोकप्रतिनिधींचे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

भारतीय रेल्वेचा इतिहास आपण १६ एप्रिल १८५३ च्या बोरीबंदर–ठाणे गाडीपासून शिकतो. मराठवाड्याच्या दृष्टीने त्यानंतर कल्याणला जे घडले ते अधिक महत्त्वाचे आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा मार्ग कल्याणला दुभंगला. एक फाटा थळ घाट चढून मनमाड, भुसावळकडे, म्हणजे ईशान्येला गेला. दुसरा बोर घाट चढून पुणे, सोलापूर, वाडी, रायचूरकडे, म्हणजे आग्नेयेला गेला. पहिल्याने १८७० मध्ये मुंबई कलकत्त्याला जोडली गेली आणि दुसऱ्याने १८७१ मध्ये मद्रासला. या दोन महामार्गांच्या बेचक्यात जो प्रदेश राहिला, तो म्हणजे आपला मराठवाडा. हे दोन फाटे आपसांत जोडणारा दौंड–मनमाड मार्ग १८७८ मध्ये झाला खरा, पण तोही मराठवाड्याच्या पश्चिमेकडून, नगरवरून गेला. तिथून पूर्वेला सरकत गेले तर उत्तर-दक्षिण जाणारा पुढचा लोहमार्ग थेट परभणी–पूर्णा–अकोल्याच्या पट्ट्यात भेटतो. मधल्या विस्तीर्ण भागात एकही नाही.

हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता आणि निजामी राज्यातील रेल्वेचे केंद्र हैदराबाद होते. १८७४ मध्ये वाडी ते सिकंदराबाद हा मार्ग सुरू झाला, कारण राजधानी मुंबई–मद्रास महामार्गाला जोडायची होती. पुढे निजामाज गॅरंटीड स्टेट रेल्वे ही कंपनी आली. तिच्या नावातील ‘गॅरंटीड’ हा शब्द भागधारकांना व्याजाची हमी राज्याच्या तिजोरीतून दिली गेल्याचा आहे. या निमित्ताने एक गोष्ट सांगितली पाहिजे. १८८३ मध्ये चांदा (आजचे चंद्रपूर) रेल्वे योजनेच्या अटी जनतेसमोर उघड कराव्यात अशी मागणी हैदराबादेतील सुशिक्षितांनी केली, तेव्हा त्यांच्यात पुढे असलेले अघोरनाथ चट्टोपाध्याय (सरोजिनी नायडू यांचे वडील) यांना राज्याबाहेर घालवण्यात आले. लोहमार्ग कोणत्या अटींवर आणि कोठून जाणार, हे विचारण्याची परंपरा या भूमीत इतकी जुनी आहे.

१९०० च्या आसपास हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वेचा मार्ग नांदेड, परभणी, जालना, औरंगाबादवरून मनमाडला पोचला. तो नदीच्या खोऱ्यातून गेला, कारण तिथे चढ कमी आणि कापसाची काळी जमीन लगतच. हा मार्ग मीटरगेज होता. १८७० च्या सुमारास, लॉर्ड मेयो यांच्या कारकिर्दीत, खर्च वाचवण्यासाठी एक मीटर रुंदीचे रूळ स्वीकारले गेले होते. मुंबईचे रूळ मात्र १,६७६ मिलिमीटरचे. त्यामुळे मराठवाड्याचा माल मनमाडला एका डब्यातून काढून दुसऱ्या डब्यात भरावा लागे आणि प्रवाशालाही तिथे गाडी बदलावी लागे. ही अडचण १९९० च्या दशकातील रुंदीकरणापर्यंत, म्हणजे जवळजवळ नऊ दशके, टिकली. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेने रुंदीकरणाची मागणी वर्षानुवर्षे लावून धरली नसती, तर तो दिवस आणखी किती लांबला असता कोण जाणे. त्या पिढीचे ऋण आजच्या प्रवाशांना ठाऊक असले पाहिजे.

दक्षिणेकडून आला तो बार्शी लाइट रेल्वेचा ७६२ मिलिमीटरचा नॅरोगेज मार्ग. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने १८९७ मध्ये कुर्डुवाडी–बार्शी हा पहिला टप्पा सुरू केला आणि १९११ मध्ये ती गाडी लातूरला पोचली. पुढे पंढरपूरवरून मिरजेपर्यंतही हा मार्ग वाढला. अरुंद रुळांना तीव्र वळणे चालतात, म्हणून बालाघाटची कड चढून येडशीच्या माळावर येणे त्या काळी कमी खर्चात साधले. २०१० च्या सुमारास मिरज ते लातूर हा संपूर्ण मार्ग ब्रॉडगेज झाला. त्याचे मोल आपल्याला एप्रिल २०१६ मध्ये कळले, जेव्हा तहानलेल्या लातूरला याच मार्गाने मिरजेहून ‘जलदूत’ ही पाण्याची रेल्वेगाडी आली. आधी दहा वाघिणींतून पाच लाख लिटर आणि पुढे पन्नास वाघिणींतून पंचवीस लाख लिटर पाणी प्रत्येक खेपेला येऊ लागले. नॅरोगेजच्या छोट्या वाघिणींना हे ओझे पेलले नसते. याच रुंदीकरणात आणखी एक गोष्ट साधली गेली. जुना मार्ग धाराशिव शहराला टाळून जात होता, तो वळवून शहरात आणण्यात आला. नागरिकांच्या सोयीसाठी आखणी बदलता येते, याचा हा आपल्याच भागातील पुरावा आहे.

आता या मार्गांची दिशा पाहावी. गोदाकाठचा मार्ग सिकंदराबाद आणि मनमाडकडे, परळी–लातूर रोड–उदगीर मार्ग विकाराबादकडे, लातूर–धाराशिव मार्ग कुर्डुवाडीकडे. प्रत्येक मार्ग मराठवाड्याबाहेरच्या एखाद्या केंद्राकडे तोंड करून आखलेला आहे. मराठवाड्यातील एक जिल्हा दुसऱ्याला जोडावा हा हेतू त्यात नव्हता. त्याचा परिणाम आजही भोगावा लागतो. धाराशिवच्या माणसाला छत्रपती संभाजीनगरला रेल्वेने जायचे झाल्यास लातूर, लातूर रोड, परळी, परभणी, जालना असा फेरा घालावा लागतो. संभाजीनगरला उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे, विभागीय आयुक्तालय आहे, घाटी रुग्णालय आहे, आणि बीड व धाराशिवची महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी संलग्न आहेत तेही तिथेच आहे. तरीही या दोन जिल्ह्यांना आपल्या विभागाच्या मुख्यालयाशी थेट जोडणारा लोहमार्ग नाही. दसरा-दिवाळीनंतर याच भागातून हजारो ऊसतोड कुटुंबे लेकराबाळांसह ट्रक आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. ज्यांना सर्वांत दूर जावे लागते, त्यांच्याच गावांजवळ रेल्वे नाही, ही बाब मनाला फार लागते.

सोलापूर–जळगाव लोहमार्गाची मागणी या परिस्थितीतून निर्माण झाली आणि ती जुनी आहे. आनंदाची गोष्ट अशी की तिची दोन्ही टोके आज मंजूर आहेत. दक्षिणेला सोलापूर–तुळजापूर–धाराशिव हा सुमारे ८४ किलोमीटरचा मार्ग, तर उत्तरेला ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिलेला, अजिंठ्याची डोंगररांग ओलांडणारा जालना–जळगाव हा १७४ किलोमीटरचा मार्ग. राहिला तो धाराशिव–बीड–जालना हा मधला दुवा. त्याची चर्चा सर्वेक्षणाच्या शब्दापुढे सरकत नाही.

हा दुवा का राहिला असावा, याची मला दोन कारणे दिसतात. पहिले कारण भूगोलाचे. धाराशिव आणि बीडच्या मध्ये बालाघाट आडवा आहे. बीड त्याच्या पायथ्याशी बिंदुसरेच्या काठी आहे आणि मांजरसुंब्याचा घाट उतरल्याशिवाय दक्षिणेकडून तिथे येता येत नाही. बीडच्या पुढे शहागडजवळ गोदावरी ओलांडावी लागते. परंतु सोलापूर–धुळे राष्ट्रीय महामार्ग येडशी, येरमाळा, चौसाळा, मांजरसुंबा, बीड, गेवराई, शहागड असाच गेला आहे. ज्या देशाने कोकण रेल्वे बांधली आणि जो आता अजिंठ्याच्या डोंगरातून बोगदा काढायला निघाला आहे, त्याला मांजरसुंब्याचा उतार अवघड वाटण्याचे कारण नाही.

दुसरे कारण प्रशासनाचे आहे, आणि माझ्या मते तेच अधिक जड आहे. जालना आणि संभाजीनगर दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात येतात. तिचे मुख्यालय सिकंदराबादला. बीड आणि धाराशिव मध्य रेल्वेत येतात. तिचे मुख्यालय मुंबईला. परळी आणि उदगीरचा पट्टा दक्षिण मध्य रेल्वेतच, पण सिकंदराबाद विभागात. दक्षिण मध्य रेल्वे १९६६ मध्ये झाली आणि नांदेड विभाग २००३ मध्ये. मराठवाडा मात्र राज्यकारभाराने १९५६ पासूनच मुंबईशी जोडला गेलेला आहे. जो दुवा मध्य आणि दक्षिण मध्य अशा रेल्वेच्या दोन झोनच्या (क्षेत्रांच्या) शिवेवर येतो, त्याचा पाठपुरावा कोणत्याच झोनचे पहिले काम होत नाही. नांदेड विभाग मध्य रेल्वेत आणावा ही मागणी म्हणूनच निव्वळ भावनिक मानता येणार नाही.

आधी आहे त्या मार्गाचे दुहेरीकरण करा, नवे नंतर पाहू, असे काही जाणकार म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. एकेरी मार्गावर समोरून येणारी गाडी निघून जाईपर्यंत दुसरीला स्थानकात थांबावे लागते, आणि त्यामुळे रूळ चांगले असूनही गाड्या वाढवता येत नाहीत. संभाजीनगर–परभणी या १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणाला २०२५ मध्ये मिळालेली मान्यता म्हणून फार मोलाची आहे. पण दुहेरीकरणाने गोदाकाठच्या प्रवाशाची सोय होईल. गेवराई, चौसाळा, येरमाळ्याच्या माणसाला त्याने काहीच मिळणार नाही.

शिवाय हा दुवा केवळ मराठवाड्यापुरता नाही. दक्षिणेला सोलापूरजवळच्या होटगीहून विजयपूर, गदगकडे लोहमार्ग आहे आणि उत्तरेला जळगावहून तापीच्या खोऱ्याने सुरतकडे. मधला भाग जोडला तर उत्तर कर्नाटक ते गुजरात असा नवा उभा मार्ग तयार होईल आणि कल्याणला दुभंगलेले दोन्ही महामार्ग दौंड–मनमाडच्या पूर्वेला पुन्हा एकदा जोडले जातील. जालन्याचे पोलाद आणि आमच्या भागातील साखर, सोयाबीन यांनाही दक्षिणेची जवळची वाट मिळेल.

बीडहून पुढे मार्ग संभाजीनगरला न्यावा की जालन्याला, यावर मतभेद आहेत. माझे मत अंबडवरून जालन्याच्या बाजूने आहे, कारण जळगावचा मार्ग तिथूनच निघणार आहे, आणि जालना ते संभाजीनगर हा मार्ग आजच उपलब्ध असून दुहेरी होणार आहे. हा वाद शहरा-शहरांच्या चढाओढीत अडकू नये एवढीच इच्छा आहे.

धाराशिव, बीड, जालना आणि संभाजीनगरच्या खासदारांनी पक्षभेद बाजूला ठेवून रेल्वेमंत्र्यांना एकच संयुक्त निवेदन द्यावे. धाराशिव–बीड–जालना मार्गाचा अंतिम आखणीसह सविस्तर प्रकल्प अहवाल कोणता झोन आणि कोणत्या मुदतीत तयार करणार, हे त्यांनी लेखी मागावे. राज्य सरकारने बीडच्या मार्गाप्रमाणे याही मार्गाच्या खर्चात वाटा उचलण्याची तयारी आताच कळवावी. आखणीचे नकाशे भूसंपादनाच्या नोटिसा निघण्यापूर्वी तहसील कार्यालयांत लोकांना पाहण्यासाठी ठेवावेत. आणि आपल्या दैनिकाने या चारही खासदारांची या प्रश्नावरील भूमिका विचारून ती प्रसिद्ध करावी, अशी नम्र विनंती आहे.

आपला,
एक वाचक,
अंबाजोगाई, जि. बीड