ज्यांची नावं विचारायची राहिली

कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांत स्क्रू आणि सळ्या बसवल्यानंतर आता मी पुन्हा एकटी घराबाहेर पडते. टाके कधीच सुकले, त्यामुळे बघणाऱ्याला मी ठणठणीत वाटते. पण हाडं एकमेकांत सांधायला सहा महिने, कधी वर्षही लागतं. स्क्रू तोवर मणके नुसते धरून ठेवतात. वाकायचं नाही, कमरेत वळायचं नाही, जड उचलायचं नाही. हे किती जणांना समजावणार? म्हणून ज्यांना न सांगता कळलं, त्यांचे हे आभार.

वॉर्डातल्या रात्रपाळीच्या मावशी, "खांदा आणि कंबर एकदम फिरव, आधी पाय खाली सोड, मग हातावर जोर देऊन ऊठ," हे तुम्ही न कंटाळता घोकून घेतलंत. आजही तशीच उठते.

दादरच्या पुलावर माझी छत्री पडली. डोक्यावर पाटी असलेल्या कोळीणबाईंनी ड्रेसखालचा पट्टा बरोबर हेरला. "वाकू नको गो बाय!" असं ओरडून, एका हातानं पाटी सावरत त्या स्वतः खाली बसल्या आणि छत्री माझ्या हातात दिली. आभार मानेपर्यंत गर्दीत दिसेनाशाही झाल्या.

प्रत्येक गतिरोधकाआधी "ताई, धरून बसा" म्हणणारे रिक्षावाले दादा, मागचे हॉर्न तुम्ही ऐकून घेतलेत. आणि भाजीवाले काका, न मागता दोन पिशव्यांत अर्धं-अर्धं वजन करून देता, (कांदे मात्र अजून घरीच पाठवा!) तुमचेही मनापासून आभार.