सूचना : छपरावरील शिंगल्स वाऱ्याआधी तपासा

सर्व सभासदांना नमस्कार. वादळी दिवसांआधी डांबरी शिंगल्स (छपरावर ओळीने एकावर एक चढवून बसवलेले डांबराचे पातळ तुकडे) एकदा नक्की पाहून घ्या. वारा आधी कडेची ओळ उचलतो, म्हणून सुरुवात तिथूनच करा. पाती (शिंगलचा खालचा, खिळे नसलेला भाग) हलक्या हाताने उचलून पाहा. सहज सुटली तर खालची चिकटपट्टी धरलेली नाही. ती उन्हाच्या उबेनेच चिकटते. थंडीत बसवलेल्या छपरावर पातीखाली रूफिंग सिमेंटचे (छपरासाठीच्या डांबरी चिकट लेपाचे) नाण्याएवढे ठिपके द्या, जास्त नको, फुगे येतात. गारठ्यात पाती वाकवू नका, तडकते.

खिळे शिंगलवर आखलेल्या रेषेवरच, डोके पृष्ठभागाशी सपाट. आत घुसलेला खिळा शिंगल फाडतो. एरवी प्रत्येक शिंगलला 4 खिळे चालतात, जोरदार वाऱ्याच्या जागी 6 मारा. ओल्या छपरावर कृपया कोणीही चढू नये.