रोड रोलरवरच्या लेखाबद्दल

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

मॅचबॉक्सच्या जुन्या, खेळण्यातल्या रोड रोलरचं मी परीक्षण लिहिलं, त्याला प्रतिसाद कसा आहे, असं तू मागच्या पत्रात विचारलं होतंस. प्रतिसाद यथातथाच आहे. ‘छान’, ‘माहितीपूर्ण’, ‘आवडलं’ अशा एकेका शब्दाच्या पावत्या आल्या. ज्यांनी थोडं पुढे जाऊन लिहिलं त्यांनी विचारलं ते दोनच गोष्टींबद्दल, खेळण्याचा मूळ खोका आहे का आणि आज भाव काय चाललाय. हॉट व्हील्सच्या कस्टम कॅमेरो या खेळण्यातल्या मोटारीवर लिहिलं होतं तेव्हा किती वेगळं चित्र होतं, आठव. लोक रंगाच्या छटांवरून हिरिरीने वाद घालत होते, आपापल्या गाड्यांचे फोटो पाठवत होते. माझ्या मते रोलरचा लेख त्याहून कितीतरी उजवा आहे. तू दोन्ही वाचलेस, म्हणून तुझ्यापाशी मोकळेपणाने लिहितो.

कौतुक कमी पडलं म्हणून मी खट्टू झालेलो नाही. लागलं ते वेगळंच. एवढ्या लोकांनी लेख वाचला आणि ते खेळणं कसं चालतं, हातात कसं वाटतं, हे एकानेही विचारलं नाही.

मॅचबॉक्स काढणाऱ्या लेस्नी कंपनीची गोष्ट तुला पाठ आहे, तरी ती मी लेखात मुद्दाम सविस्तर सांगितली होती. १९४७ साली लेस्ली स्मिथ आणि रॉडनी स्मिथ या दोघांनी (आडनाव एकच, नातं काही नाही) लंडनमधल्या एका जुन्या पबच्या इमारतीत कारखाना थाटला. जॅक ओडेल येऊन मिळाला आणि १९४८ साली त्यांनी खेळण्यातला, पण आकाराने चांगला मोठा असा डिझेल रोड रोलर काढला. ओडेलच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं आणायची मुभा होती. ओडेलने त्याच रोलरची पितळेची चिमुकली प्रतिकृती तिला करून दिली आणि वर्गातल्या सगळ्यांनाच तसा रोलर हवा झाला. १९५३ साली मॅचबॉक्सची मालिका सुरू झाली तेव्हा पहिला क्रमांक रोलरचा, दुसरा डंपरचा आणि तिसरा काँक्रीट मिक्सरचा. त्याच साली त्यांची राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाची छोटी बग्गी दहा लाखांवर खपली होती. एवढं यश हाताशी असताना दुसऱ्या कुणीही आणखी बग्ग्या आणि घोडेस्वार काढले असते. यांनी रस्ता बांधायची यंत्रं काढली. युद्धानंतरचं ब्रिटन तेव्हा पुन्हा उभं राहत होतं, मुलांना ही यंत्रं रोज रस्त्यावर दिसत होती. माझ्या दृष्टीने खेळण्यांच्या इतिहासातली ही फार मोठी गोष्ट आहे. ‘माहितीपूर्ण’ या एका शब्दात ती संपावी, याचं मला वाईट वाटलं.

कॅमेरोच्या लेखाला एवढी दाद का मिळाली, यावर मी बराच विचार केला. ती गाडी दाद मिळण्याच्या लायकीची आहेच. १९६८ साली मॅटेल कंपनीने हॉट व्हील्सच्या पहिल्या सोळा गाड्या आणल्या, तोवर खेळण्यातली मोटार म्हणजे ढकलली की हातभर जाऊन थांबणारी वस्तू होती. बारीक तारेचे आस, चाकांत घर्षण कमी करणारं प्लास्टिकचं बेअरिंग आणि चकचकीत केलेल्या धातूवर पारदर्शक रंग. गाडी सुटली की सुटली. लेस्नीला दुसऱ्याच वर्षी घाईघाईने सुपरफास्ट ही वेगाने पळणाऱ्या गाड्यांची मालिका काढावी लागली. पण खरं सांगू का, त्या लेखाचं निम्मं काम वाचकांच्या आठवणींनी केलं होतं. तसली गाडी लहानपणी प्रत्येकाच्या हातात नाहीतर डोळ्यांसमोर होती. मी एक वाक्य लिहावं आणि वाचणाऱ्याने मनात दहा वाक्यं जोडावी, असं झालं. रोलर आपल्या बहुतेक वाचकांच्या जन्माआधीचा. त्यांच्या मनात त्याचं काहीच नाही. जे काही उभं करायचं ते सगळं मलाच उभं करायचं होतं आणि मी ते केलं, असं मला अजूनही वाटतं. तरी आठवणींची साथ नसली की चांगला लेखही वाचून लोक पान उलटतात. हे कळल्यावर मन थोडं शांत झालं.

भावाच्या आणि खोक्याच्या प्रश्नांनी मात्र मी अजून अस्वस्थ आहे. एका वाचकाने अगदी आपुलकीने सल्ला दिला की रंग उतरवून पुन्हा रंगवून घ्या, नव्यासारखा दिसेल. हे वाचून मी रोलर पुन्हा टेबलावर घेतला आणि दिव्याखाली भिंग लावून पाहिला. छताच्या मधोमध, अंगठा टेकेल तेवढ्या जागेतला हिरवा रंग गेलाय आणि खालचा करडा धातू गुळगुळीत झालाय. खालच्या चाकांचंही तसंच. जमिनीला टेकणाऱ्या भागावरचा लाल रंग उडालाय, दोन्ही बाजूंचा मात्र अजून लालभडक आहे. म्हणजे हे खेळणं आपटून किंवा फेकून झिजलेलं नाही. कुणीतरी छतावर अंगठा दाबून, भार देऊन, ते पुढे-मागे, पुढे-मागे फिरवलंय. पुढच्या चाकाच्या एका कडेचा रंग जास्त गेलाय, बहुधा ते मूल नेहमी एकाच हाताने दाबत असावं. मुलाचं नाव-गाव कधीच कळणार नाही, पण ते रस्ता खरोखर दाबत होतं, रोलर नुसता पळवत नव्हतं, हे त्या धातूवर लिहिलेलं आहे. त्यावर रंग कसा चढवायचा? मला तो सल्ला विचारातही घेता येत नाही.

आणि खोक्यात जपून ठेवलेलं ते टिकतं, हे तरी कुठे खरं आहे? युद्धापूर्वीच्या डिंकी टॉईजच्या धातूच्या गाड्यांचं काय झालं ते आपण दोघांनी पाहिलंय. ओतकामाच्या जस्तात शिशासारखी अशुद्धी राहून गेली की वर्षानुवर्षं ती आतून धातू पोखरत राहते. आधी बारीक भेगा, मग फुगवटा, आणि शेवटी चाकाला हात लावला की तुकडा हातात. हवेतल्या दमटपणाने ते आणखी लवकर होतं. ज्या गाडीला कुणी कधी हात लावला नाही, तिलाही ही कीड सोडत नाही. उलट माझा रोलर एवढा हाताळला गेला तरी ठणठणीत आहे. झीज आणि कीड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि संग्राहकांच्या बोलण्यात दोन्हींना ‘खराब’ हा एकच शेरा मिळतो. याबद्दल मला खरोखर राग येतो.

या सगळ्यात एकच प्रतिसाद असा आला की तो मी पुन्हा पुन्हा वाचला. तो विरोधाचा होता. त्या वाचकाचं म्हणणं असं की रोलर हे कंटाळवाणं खेळणं आहे. दार उघडत नाही, काच नाही, काही उडत नाही. १९५६ साली कॉर्गी या खेळण्यांच्या कंपनीने आपल्या गाड्यांच्या खिडक्यांना पारदर्शक प्लास्टिक बसवलं, १९६५ साली जेम्स बाँडची ॲस्टन मार्टिन आणली. तिचं आसन माणसासकट छतातून बाहेर फेकलं जायचं, मागे गोळ्या अडवणारी ढाल वर यायची. मूल यातलं काय निवडेल, असा त्याचा सरळ प्रश्न होता. प्रश्न चोख आहे. पहिल्या दिवशी मूल ॲस्टन मार्टिनच उचलेल, हे मी त्याला कबूल केलं.

पण पुढे काय होतं ते बघ. आसन उडवलं, पुन्हा बसवलं, पुन्हा उडवलं. त्या गाडीशी काय करायचं हे गाडीनेच ठरवून ठेवलंय. रोलरला आधी रस्ता लागतो. मुलाला माती नाहीतर वाळू आणावी लागते, ती पसरावी लागते, वळण कुठे घ्यायचं ते ठरवावं लागतं. डंपर माती आणून टाकतो, मिक्सर कालवतो आणि सगळ्यात शेवटी रोलरची पाळी येते. मालिकेतली ही पहिली तीन खेळणी एकत्र ठेवली की अख्खं बांधकाम उभं राहतं, आणि तिथला मुकादम ते मूल असतं. त्यात कळ नाही, स्प्रिंग नाही, म्हणूनच सगळी कामं मुलाकडे येतात. मी त्या वाचकाला हेच सविस्तर लिहिलं. त्याने उलट उत्तर दिलं की तरीही त्याला खिडक्या हव्याच. आमचा वाद अजून चालू आहे आणि मला तो मनापासून हवाय. त्या सगळ्या ‘छान’च्या ढिगाऱ्यापेक्षा या एका माणसाने ते खेळणं जास्त पाहिलं.

पुढचं परीक्षण मिक्सरचं लिहायला घेतलंय. निळं अंग, नारिंगी चाकं, आणि खोका जवळ नाही. भाव याही वेळी लिहिणार नाही, कुणी कितीही विचारला तरी. ज्याला भाव हवा त्याला तो शोधायला जागा पुष्कळ आहेत. खेळण्याची झीज वाचायला शिकवणारं लिखाण मात्र फारसं दिसत नाही, आणि ते करायची माझी इच्छा या थंड्या प्रतिसादाने कमी झालेली नाही.

तुझ्याकडे दुसऱ्या क्रमांकाचा डंपर आहे, तोही चांगला खेळलेला. एक काम कर. त्याच्या लाल हौदाच्या आतला रंग कुठे गेलाय ते तिरक्या उजेडात बघ आणि जवळून फोटो काढून पाठव. तळाशी ओरखडे असतील तर त्यात खरे खडे भरले गेले होते, कडेला असतील तर तो नुसता उलटा-सुलटा केला गेला. मिक्सरच्या लेखात मला तिन्ही एकत्र मांडायचे आहेत आणि डंपरबद्दल अंदाजाने लिहायचं नाही. हौद अजून सहज कलतो का, की बिजागरीशी अडतो, तेही कळव.

उत्तराची वाट पाहतो.

तुझा मित्र